दुखऱ्या सांध्याला काम किती?

खेळताना पाय मुरगळला की आपल्याकडे दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, "महिनाभर पाय टेकवायचा नाही." संघातले म्हणतात, "क्रेप बँडेज बांध आणि उतर, रविवारी मॅच आहे." साठीतल्या गुडघेदुखीचीही हीच तऱ्हा. एकजण जिना बंद करायला सांगतो, दुसरा रोज दहा हजार पावलं चालायला लावतो.

फिजिओथेरपीचं काम या दोन टोकांच्या मधलं आहे. हाड, स्नायू, लिगामेंट, कूर्चा या सगळ्या जिवंत ऊती आहेत. त्यांच्यावर भारच पडला नाही तर त्या दुबळ्या होतात, झेपणार नाही इतका पडला तर इजा होते आणि झेपेल तेवढा पडून हळूहळू वाढत गेला तर त्या बळकट होतात. आज किती भार द्यायचा आणि पुढच्या आठवड्यात तो किती वाढवायचा, हे तपासून ठरवणं ही फिजिओथेरपिस्टची खरी कामगिरी. यंत्रं, पट्ट्या आणि मालिश त्याच्या जोडीला येतात.

पहिले दोन-तीन दिवस

विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडली आणि ती जगभरच्या मैदानांवर पोचली. पुढे २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे इजा भरून यायला उशीर होऊ शकतो. सूज हा दुरुस्तीच्या कामाचाच भाग असतो. ती आटोक्यात ठेवायची, पण दुरुस्तीच थांबवायची नाही.

म्हणून आजचा सल्ला असा: पहिले एक ते तीन दिवस दुखावलेल्या भागाला जपा, पट्टी बांधा, पाय छातीपेक्षा उंच ठेवा. बर्फ लावायचाच तर दुखणं कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. या दिवसांत गरम शेक आणि जोरात चोळणं टाळा. त्यानं आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. मुरगळलेला पाय ओढून 'बसवून' घेणं तर नकोच, कारण आत फ्रॅक्चर असेल तर ते हलू शकतं. आंबेहळदीचा लेप हलक्या हातानं लावायला हरकत नाही. लेप लावला म्हणून तपासणी मात्र लांबवू नये. तीन दिवसांनंतर झेपेल तितकी हालचाल सुरू करायची.

एक्स-रे कधी काढायचा?

प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागत नाही. कॅनडातल्या ओटावा इथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी घोट्यासाठी साधे नियम तयार केले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर दुखतंय का? पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथे किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडावर दाबल्यावर दुखतंय का? इजा झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत का? यांतल्या कोणत्याही एका प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर एक्स-रे काढावा. सगळी उत्तरं 'नाही' असतील तर मोठ्या माणसांत फ्रॅक्चर निघण्याची शक्यता फार कमी. लिगामेंट आणि सांध्यातली गादी एक्स-रेत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी आधी हातानं केलेली तपासणी आणि गरज पडली तर एमआरआय.

घोटा: दुखणं थांबलं, काम उरलं

घोटा बहुतेक वेळा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, लंगडणं थांबतं आणि माणूस विषय संपला असं समजतो. काही महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो.

त्याचं कारण असं की लिगामेंट नुसता आधार देत नाही. पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देण्यातही त्याचा वाटा असतो. इजेनंतर ही खबर उशिरा पोचते, स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत आणि खड्ड्यात पाय पडला की तोल सावरत नाही. म्हणून घोट्याच्या उपचारात तोलाचे व्यायाम लागतात. आधी भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, मग डोळे मिटून, मग मऊ गादीवर, मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलत. जोडीला पोटरीची ताकद: एका पायाच्या चवड्यावर उठणं, दुसऱ्या पायाइतक्या वेळा जमेपर्यंत. तोलाचे व्यायाम केले तर पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण घटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

गुडघा: कबड्डीतली एसीएल

चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे वळतो, पाऊल मॅटवर रुतलेलं असतं आणि गुडघा आत झुकून पिळवटतो. कधी बचावपटूनं घोटा पकडलेला असतो, कधी कुणाचा स्पर्शही झालेला नसतो. आत 'टक्' असा आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून ठेवणारं एसीएल हे लिगामेंट फाटल्याची ही ठळक लक्षणं.

यात फसवा काळ पुढे येतो. सूज उतरते, सरळ रेषेत चालता येतं, जॉगिंगही जमतं. सरळ चालताना एसीएलची उणीव फारशी भासत नाही. ती भासते वळताना आणि उडी मारून उतरताना. खेळाडू मैदानात उतरतो आणि गुडघा दगा देतो. असा तो सटकला की दर वेळी आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याचा धोका असतो. सुजलेल्या गुडघ्याला एकदा तपासून घ्यायचं ते म्हणूनच.

एसीएल फाटली की शस्त्रक्रिया अटळ, असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम दिले, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. मात्र कबड्डी, फुटबॉल, कुस्ती अशा वळणा-पिळवटण्याच्या खेळात परतायचं असेल, किंवा रोजच्या चालण्यातही गुडघा सटकत असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो.

शस्त्रक्रिया ठरली तरी व्यायाम आधीपासून सुरू होतात. सूज कमी झालेली, गुडघा पूर्ण सरळ होणारा आणि मांडी मजबूत असेल तर पुढचा प्रवास सोपा जातो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तीन कामं असतात: सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं. गुडघ्यात पाणी असेपर्यंत हा स्नायू मेंदूचा हुकूम नीट ऐकत नाही. म्हणून गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करायला सांगतात. दिसायला किरकोळ, पण पुढचं सगळं त्यावर उभं असतं.

मैदानावर परत कधी?

तारखेवर नजर ठेवून परतणारे बरेचजण पुन्हा जखमी होतात. शस्त्रक्रियेत एसीएलच्या जागी बसवलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) हाडात रुजायला आणि लिगामेंटसारखा घडायला कित्येक महिने घेतो. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितका पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्यानं कमी होत गेला.

नऊ महिने ही किमान मुदत. त्यापुढे परीक्षा असते. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावरची लांब उडी, सलग तीन उड्या, उतरताना गुडघा आत झुकतो का, अचानक दिशा बदलताना बिचकतो का, हे सगळं तपासलं जातं. मन तयार आहे का, हाही त्यातलाच एक प्रश्न. कुस्तीगीर विनेश फोगाटचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढतीत जायबंदी झाला. शस्त्रक्रिया आणि पुनर्वसनानंतर तिनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. मधली दोन वर्षं प्रेक्षकांना दिसत नाहीत, पण पदकाची तयारी त्यांतच झालेली असते.

टेंडनचं दुखणं: विश्रांतीनं झोपतं, खेळल्यावर उठतं

सचिन तेंडुलकरमुळे २००४ साली टेनिस एल्बो महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. पुढच्या वर्षी त्याच्या कोपरावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. हे दुखणं खेळाडूंपुरतं नाही. पिळे घालून कपडे पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, दिवसभर पाना फिरवणाऱ्या हातांनाही ते होतं. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या टेंडनवर त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त काम पडलं की तो दुखायला लागतो. नुसती विश्रांती घेतली तर दुखणं शांत होतं, पण टेंडन आणखी अशक्त होतो आणि काम सुरू करताच कळ परत येते. त्याला सावकाश, जड आणि नियमित ताकदीचे व्यायाम लागतात. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे जातात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडू नये.

साठीतला गुडघा: 'वंगण संपलं' म्हणून बसून राहू नका

गुडघ्याच्या झिजेत कूर्चा पातळ होते, हाडांमधलं अंतर एक्स-रेत कमी दिसतं आणि "गॅप कमी झाली" हे वाक्य ऐकून माणूस घाबरून चालणं सोडतो. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. बरीच झीज असलेली माणसं मजेत फिरतात आणि थोडी झीज असलेली काही जण बेजार असतात. बसून राहिल्यानं मांडीचे स्नायू आणखी रोडावतात, वजन वाढतं आणि गुडघ्यावरचा बोजा वाढतो.

खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार, पाय ताठ ठेवून उचलणं आणि सपाट रस्त्यावर चालणं, एवढ्यावर सुरुवात होते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या एका उपक्रमात रुग्णांना दोन वेळा दुखण्याची माहिती देतात आणि सहा आठवड्यांत बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम करवतात. तो पुढे अनेक देशांनी उचलला. वजनाचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाड व्यक्तीचं वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

मांडी घालून बसणं किंवा भारतीय बैठकीचं शौचालय फार त्रासाचं होत असेल तर उंच बैठक वापरावी. तेवढ्यानं चालणं आणि व्यायाम चालू ठेवणं सोपं होतं. नियमित व्यायाम करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात फिरणं मुश्कील झालं असेल तर सांधा बदलण्याचा विचार योग्यच. त्या शस्त्रक्रियेनंतर आरामासाठी गुडघ्याखाली उशी ठेवण्याचा मोह टाळावा, नाहीतर गुडघा वाकलेलाच राहतो.

व्यायाम करताना दुखलं तर?

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनात धरा. जुनाट सांधेदुखीत आणि टेंडनच्या दुखण्यात व्यायामाच्या वेळी पाचपर्यंतचं दुखणं चालतं, अट एवढीच की ते चोवीस तासांत नेहमीच्या पातळीला यावं आणि सूज वाढू नये. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर मात्रा जास्त झाली. व्यायाम बंद न करता वजन किंवा संख्या कमी करायची. ताज्या इजेला आणि शस्त्रक्रियेनंतर मात्र फिजिओथेरपिस्टनं आखून दिलेली मर्यादाच पाळायची.

यंत्रं, पट्ट्या आणि मालिश

आयएफटी, टेन्स, अल्ट्रासाउंड अशा यंत्रांनी काहींना थोडा वेळ बरं वाटतं आणि त्या वेळात व्यायाम करता आला तर उपयोगही होतो. पण रोज वीस मिनिटं यंत्र लावून घरी पाठवलं जात असेल आणि एकही व्यायाम शिकवला जात नसेल, तर पैसे मोजून फारसं काही पदरात पडत नाही. पेसमेकर बसवला असेल तर यंत्र लावण्याआधी सांगणं अत्यावश्यक. 'नी कॅप'नं धीर येतो, पण मांडीच्या स्नायूचं काम ती करू शकत नाही.

लगेच डॉक्टर गाठा

सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल. हाड वाकडं दिसत असेल. पाऊल थंड किंवा बधिर पडलं असेल. गुडघा अडकून सरळच होत नसेल. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखत असेल किंवा धाप लागत असेल. यांतलं काहीही असेल तर ती व्यायामाची वेळ नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जावं.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना

पदवी पाहा: बीपीटीएच किंवा बीपीटी. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी स्वतंत्र राज्य परिषद आहे. तिथली नोंदणी आहे का ते विचारा. खर्च परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे.

पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारा. मला नेमकं काय झालं आहे? घरी कोणते व्यायाम, किती वेळा करायचे? सुधारणा कशावरून मोजणार? आणि सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढे काय? या चारांची सरळ उत्तरं मिळाली तर उपचार योग्य हातात आहेत असं समजायला हरकत नाही. त्यानंतर घरचा व्यायाम चुकवायचा नाही, तेवढं काम रुग्णाचं.