नवा भागीदार घेताय? कागद आधी करा

१ जूनला बंदी लागली की इंजिनांची कामं निघतात, जाळी शिवायला माणसं बसतात आणि हिशेबही निघतात. ट्रॉलरमधून कोण बाहेर पडणार, कोण नवा येणार, ते याच दोन महिन्यांत ठरतं.

गेल्या बंदीत आपल्या एका तांडेलानं बायकोचे दागिने गहाण ठेवून एका ट्रॉलरमध्ये पैसे घातले. ट्रॉलर तिघांच्या एलएलपीच्या नावावर. नारळ फोडला, पण कागद कोणी केला नाही. हंगामभर वाटा मिळाला. शिमग्यानंतर तिघांत वाजलं तेव्हा कळलं, करारात ह्याचं नावच नाही! बँकेतून पैसे दिले होते म्हणून निदान उसने तरी धरले. भागीदारी मात्र नाही.

२००८ च्या एलएलपी कायद्याप्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर नवा भागीदार घ्यायला सगळ्या जुन्यांची संमती लागते. दोघे हो म्हणाले, तिसरा गप्प बसला, हे चालत नाही. मग पुरवणी करार, त्यात रक्कम आणि नफा-नुकसानीचा वाटा. पुढच्या ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे ऑनलाइन फॉर्म ३ आणि फॉर्म ४. सीए भरून देतो, पावती मात्र मागून घ्या.

बोट एलएलपीचीच राहते. धंदा बुडाला तर एरवी भागीदाराच्या घरावर येत नाही, पण बँकेला स्वतःची हमी दिली असेल तर येते. म्हणून सही करण्याआधी जुन्या कर्जाचे कागद बघा.

३१ जुलैच्या आत ज्यांना बदल करायचेत त्यांनी मूळ करार घेऊन सोसायटीत यावं.