कानाने ओळखायचा ‘क’

अंकलिपीचे पान उघडले की ‘क’ कमळाचा, ‘ख’ खटाऱ्याचा, ‘ऐ’ ऐरणीचा. मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या याच चित्रांवर वाढल्या. मुलांचा शब्दसंग्रह अशा तक्त्यांमुळेच वाढतो, अशी अनेक पालकांची समजूत असते. पण अक्षरओळख होण्याआधीच मूल आईशी, आजीशी, शेजारच्या मुलांशी भरभरून बोलत असते. शब्द त्याच्याकडे असतातच. ‘क वरून शब्द सांग’ या खेळातून त्याला मिळते ते वेगळे आणि फार मोलाचे असते. बोललेल्या शब्दाची सुरुवात कानाने वेगळी काढायला ते शिकते.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनी ओळखण्यात कच्ची असलेली ६५ मुले त्यांनी निवडली. एका गटाला चित्रे ध्वनीवरून जुळवायला शिकवली. कोंबडीचे चित्र टोपीशेजारी ठेवायचे, कारण इंग्रजीत ‘हेन’ आणि ‘हॅट’ यांची सुरुवात सारखी होते. दुसऱ्या गटाने तीच चित्रे अर्थावरून लावली, म्हणजे कोंबडी प्राण्यांमध्ये गेली. तिसऱ्या गटाला ध्वनीसोबत प्लॅस्टिकची अक्षरेही हातात दिली. दोन वर्षांत ४० तासिका झाल्या. वाचनात आणि शब्दलेखनात सर्वांत पुढे गेली ती कान आणि अक्षर दोन्ही मिळालेली मुले.

हे मराठीत आणताना मात्र जपून पावले टाकावी लागतात.

‘क’चे शब्द म्हणून मूल कढई, कांदा, किसणी, कुकर, केळे, कोथिंबीर अशी नावे भराभर सांगते. कानाला सगळीकडे ‘क’ ऐकू येतो. कागदावर तो दर वेळी वेगळ्या रूपात दिसतो. ‘किसणी’त तर वेलांटी अक्षराच्या आधी येऊन उभी राहते. सोनाली नाग यांनी बंगळूरच्या कन्नड शाळांमध्ये केलेल्या अभ्यासात, अशा लिपीतली सगळी अक्षररूपे आत्मसात व्हायला चौथीपर्यंतचा आणि त्यापुढचाही काळ लागतो असे दिसले. म्हणून पाच वर्षांच्या मुलाने तोंडी ‘किल्ला’ सांगितला तर तो बरोबरच धरावा. ‘नुसता क सांग’ म्हणून त्याला अडवू नये.

उलट अडचण ‘च’ची. चाक आणि चिमणी यांची सुरुवात एकाच अक्षराने होते, पण उच्चार निराळे. जाळे आणि जीभ, झाड आणि झेंडा यांचेही तसेच. खेळ कानाचा असेल तर हे शब्द एका टोपलीत टाकू नयेत. चाक, चूल, चोर एकीकडे. चिमणी, चंद्र, चेहरा दुसरीकडे. मुलांना हा फरक चटकन कळतो, कारण तो त्यांच्या जिभेवर असतोच. पळ आणि फळ, गडी आणि घडी अशा जोड्याही घ्याव्यात. तिथे कानाला खरे काम मिळते.

आता शब्दसंग्रहाविषयी. तक्त्यावर बहुधा नामेच असतात, कारण त्यांची चित्रे काढणे सोपे. पळणे, पडणे, पोहणे, पुसणे ही क्रियापदे तिथे येत नाहीत, पण अंगणात ती करून दाखवता येतात. ऐरणीचे चित्र रोज पाहूनही लोहाराचा घण कधी न ऐकलेल्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ लागत नाही. त्याच्यापुरते ते काळ्या ठोकळ्याचे नाव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा तिथल्या मुलांसाठी पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूच शिक्षणाची साधने केल्या. ती वाट आजही तितकीच खरी आहे.

स्वयंपाकघरात परात, पळी, पातेले, पोळपाट समोर ठेवावेत. चार शब्द पुरेत. प्रत्येक वस्तू हातात द्यावी, तिने काय करतात ते विचारावे, पळी आणि डाव यांत फरक काय हे मुलालाच सांगू द्यावे. पहिले अक्षर शब्द आठवायला मदत करते. अर्थ या गप्पांतून येतो. वीस शब्दांची यादी पाठ करून घेतली तर ती पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येते, एवढेच.

‘ण’ आणि ‘ळ’ यांनी रोजच्या मराठीत शब्द सुरूच होत नाही, म्हणून अंकलिपीला बाण आणि बाळ यांचा आधार घ्यावा लागतो. या दोन अक्षरांसाठी खेळ उलटा करावा आणि शेवटचा आवाज शोधायला सांगावा. वरण, लसूण, डाळ, गूळ: जेवायला बसल्या बसल्या सुरुवात होईल, पुढचे शब्द मुलांना शोधू द्यावेत.