बर्फावरचा कॅमेरा आणि सिमल्याचे हवामानशास्त्रज्ञ

अंटार्क्टिकावर काम केलेले पहिले व्यावसायिक छायाचित्रकार म्हणजे हर्बर्ट पाँटिंग. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेबरोबर जानेवारी १९११मध्ये ते रॉस बेटावर उतरले. आधीच्या मोहिमांतही कॅमेरे होते, पण ते कोणी डॉक्टर किंवा अधिकारी सवडीने हाताळत. पाँटिंग यांना मात्र त्याच कामासाठी नेले होते. केप इव्हान्सच्या लाकडी घरात त्यांना स्वतंत्र डार्करूम मिळाली. ते झोपतही तिथेच.

काम सोपे नव्हते. चलच्चित्राची फिल्म कॅमेऱ्यात ओवायला हातमोजे काढावे लागत आणि उघडी बोटे धातूला लागली की भाजल्यासारखी होत. एकदा तर पाँटिंग यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली आणि सोडवताना तिची साल निघाली. दमटपणाचा त्रास वेगळाच. एसी गाडीतून पावसाळी हवेत उतरताच चष्मा धुरकटतो, तसे थंडगार कॅमेऱ्याचे उबदार घरात होई. मग तो पुन्हा बाहेर नेला की तेच पाणी भिंगावर गोठे. म्हणून कॅमेरे बाहेरच ठेवायचे आणि काचेच्या प्लेटा टप्प्याटप्प्याने उबेत आणायच्या, अशी रीत त्यांनी बसवली.

त्यांच्या प्लेटांवर यंत्रांच्या गराड्यात डॉ. जॉर्ज सिम्पसन दिसतात. हे मोहिमेचे हवामानशास्त्रज्ञ मूळचे भारतीय हवामान खात्याचे, सिमल्याच्या मुख्य कचेरीतले. ही कचेरी १९२८ साली पुण्यात शिवाजीनगरला आली; पुणेकर तिला अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात. सिम्पसन त्याआधीच, १९२० साली, लंडनच्या हवामान कार्यालयाचे प्रमुख झाले होते, त्यामुळे पुण्याच्या इमारतीत ते कधी बसले नाहीत. अंटार्क्टिकाच्या हवामानावरचा त्यांचा ग्रंथ मात्र १९१९ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला.

मार्च १९१२मध्ये पाँटिंग आणि सिम्पसन एकाच जहाजाने परतले. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या स्कॉट यांचे काय झाले, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच जहाजाने भारतातली सात खेचरे उतरवली होती. पुढच्या मोसमात ती घेऊन शोधपथक निघाले आणि १२ नोव्हेंबर १९१२ रोजी त्याला स्कॉट यांचा तंबू सापडला. आत तीन मृतदेह होते, रोजनिशी होती आणि न धुतलेली फिल्मही होती.

मोहिमेतलेच फ्रँक डेबनहॅम यांनी ती केप इव्हान्सच्या डार्करूममध्ये धुतली. जवळपास दहा महिने गोठलेल्या त्या फिल्मवर दक्षिण ध्रुवावरचे पाच जण उमटले: ओट्स, स्कॉट आणि एडगर इव्हान्स उभे, बॉवर्स आणि विल्सन बसलेले. बॉवर्स यांच्या हातात दोरी आहे. ती ओढूनच त्यांनी शटर उघडले. छायाचित्रणाचे धडे त्यांना पाँटिंग यांनीच दिले होते. प्रतिस्पर्धी अमुंडसेन महिनाभर आधी तिथे पोहोचल्याचे कळलेले हे चेहरे आहेत. मांडणी आणि प्रकाश पाहिला तर पाँटिंग यांनी काढलेल्या हिमगुहेच्या छायाचित्रापुढे हे अगदी साधे ठरते, तरी मोहिमेतले सर्वांत मोलाचे छायाचित्र हेच.

डेबनहॅम यांनी पुढे १९२० साली केंब्रिजमध्ये स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्था स्थापन केली. पाँटिंग यांच्या १,७००हून अधिक निगेटिव्ह २००४ साली त्याच संस्थेने विकत घेतल्या.