दोन वाट्या भरून ठेवल्या की झालं?

गणपतीच्या आधी मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत कोकणात जायच्या बॅगा भरल्या जातात, तिकिटं पुन्हा पुन्हा तपासली जातात आणि ज्या घरात मांजर आहे तिथे एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत लोंबकळत राहतो: याचं काय करायचं? कुत्रा असेल तर ही चर्चा महिनाभर आधी होते. मांजराची आठवण बहुधा निघायच्या आदल्या रात्री येते, कारण मांजर स्वतःचं स्वतः बघतं, अशी पक्की समजूत आहे. दिवाळीत तेच, मे महिन्याच्या सुट्टीत तेच, गावाकडच्या लग्नातही तेच. या एका समजुतीच्या पोटी आणखी कितीतरी समजुती जन्मल्या आहेत आणि त्यांतल्या काही मांजराच्या जिवावर बेततात.

सगळ्यात रुळलेली समजूत म्हणजे, ‘दोन वाट्या कोरडं खाणं आणि दोन वाट्या पाणी ठेवलं की तीन-चार दिवसांची काळजी मिटली.’ हिशेब खाण्यापुरता बरोबर आहे. पण मांजराने ते खाल्लं की नाही, हे बंद घरात कुणाला कळणार? मांजराला उपास सोसत नाही. त्याचं खाणं थांबलं की शरीरातली चरबी यकृताकडे धावते आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी झपाट्याने निस्तरता येत नाही. ती पेशींमध्येच साचत जाते. डॉक्टर याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. गुटगुटीत, लाडावलेल्या मांजरांना हा धोका जास्त असतो आणि काही दिवस पोट रिकामं राहिलं तरी त्याची सुरुवात होऊ शकते. वेळेत उपचार झाले नाहीत तर यकृत निकामी होतं.

बोक्यांच्या बाबतीत आणखी एक घोर आहे. नराची मूत्रनलिका अरुंद असते. खडे, स्फटिक किंवा सुजेमुळे ती तुंबली की लघवी अडते, रक्तात पोटॅशियम आणि विषारी द्रव्यं वाढतात आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. बाहेरून दिसतं ते इतकंच: तो सारखा लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि ट्रे कोरडाच राहतो. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परतणाऱ्या कुटुंबाला हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

हे दुखणं नेमकं माणसं बाहेरगावी असतानाच का उद्भवतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडतं. तिथल्या संशोधकांनी 32 मांजरं 77 आठवडे रोज पाहिली. त्यांपैकी 20 मांजरांना मूत्राशयाचा जुनाट त्रास होता, 12 ठणठणीत होती. सांभाळणारा माणूस बदलला किंवा रोजचं वेळापत्रक विस्कटलं की आजारी मांजरांचं खाणं कमी व्हायचं आणि ती ट्रेबाहेर घाण करायची. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की निरोगी मांजरंही त्या काळात तशीच वागली. म्हणजे ‘आपलं मांजर एकदम फिट आहे’ हा दिलासा घरची माणसं नाहीशी झाल्यावर फारसा कामाचा राहत नाही.

म्हणून दिवसातून निदान एकदा कुणीतरी घरात यायलाच हवं. वाटी भरणं हे त्या माणसाचं दुय्यम काम. कालचं खाणं किती उरलं, ट्रेमध्ये लघवीचे गोळे किती, शी घट्ट आहे का, कुठे उलटी केली आहे का, हे बघणं खरं काम. आणि मांजर डोळ्यांनी दिसलंच पाहिजे. अनोळखी पावलं ऐकली की बरीच मांजरं पलंगाखाली किंवा माळ्यावर दडून बसतात, येणारा वाटी भरून कुलूप लावतो आणि ‘सगळं ठीक आहे’ असा मेसेज पाठवतो. एखादं मांजर कपाटात कोंडलेलं असतं, एखादं उघड्या खिडकीतून केव्हाच गेलेलं असतं. मधुमेही मांजराला दर बारा तासांनी इन्शुलिन लागतं. तिथे एक फेरी पुरत नाही, आणि सुई टोचता येणारा माणूसच शोधावा लागतो.

मग कॅमेरा आणि आपोआप खाणं सोडणारं यंत्र? दोन्ही उपयोगी आहेत, पण ती माणसाच्या मदतीला, माणसाऐवजी नव्हेत. वीज गेली, वायफाय बंद पडलं किंवा खाण्याचे दाणे यंत्राच्या तोंडाशी अडकले की गावी बसून फक्त काळजी करता येते. यंत्र घ्यायचंच तर वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारं घ्यावं आणि आठवडाभर आधी घरात असतानाच वापरून पाहावं. ओलं खाणं मात्र कुणी समोर असतानाच द्यायचं. आपल्या हवेत ते लवकर खराब होतं आणि त्याआधीच मुंग्या लागतात. त्यावर पाण्याच्या ताटलीत वाटी ठेवण्याचा आजीचा उपाय आजही चालतो.

आता त्या जुन्या वाक्याकडे वळू: ‘कुत्रं माणसाला जीव लावतं, मांजर घराला.’ यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते फसवं आहे. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाने 2015 साली 20 मांजरांवर केलेल्या प्रयोगात मालकावर सुरक्षिततेसाठी विसंबण्याचा पुरावा मिळाला नाही. मालक गेल्यावर मांजरं जास्त ओरडली, पण त्याची इतर कारणंही असू शकतात, असं संशोधकांनी नोंदवलं. 2019 साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात थोडी वेगळी चाचणी झाली. मांजराला मालकाबरोबर अनोळखी खोलीत ठेवलं, मग दोन मिनिटं एकटं सोडलं आणि मालक परतल्यावर ते कसं वागतं ते पाहिलं. सुमारे 65 टक्के मांजरं माणूस दिसताच निवळली आणि पुन्हा खोलीत हिंडू लागली. लहान मुलांवर अशा चाचण्या घेतल्या जातात तेव्हा मिळणारं प्रमाणही साधारण एवढंच असतं. शास्त्रज्ञांचं एकमत अजून झालेलं नाही. पण मांजराला माणसाच्या असण्या-नसण्याने फरकच पडत नाही, असं आज कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

उरलेलं अर्धं, घराबद्दलचं, मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. ‘मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं’ असं आपल्याकडे म्हटलं जातं आणि त्यावरून त्याला कुठेही नेलं तरी ते रुळेल, असा निष्कर्ष काढला जातो. मांजरी पिल्लं हलवते ती धोका जाणवला म्हणून किंवा जागा घाण झाली म्हणून. तिला स्थलांतराची हौस असते म्हणून नव्हे. मोठ्या मांजराचं घर हे वासांनी आखलेलं असतं. दाराची चौकट, सोफ्याचा कोपरा, माणसाची पोटरी, जिथे जिथे ते गाल घासतं तिथे तिथे त्याची खूण राहते. नव्या घरात यातलं काहीच नसतं. त्यामुळे सहा-सात दिवसांच्या प्रवासासाठी बहुतेक मांजरांना स्वतःच्याच घरात ठेवणं आणि ओळखीच्या माणसाने तिथे येणं, हाच चांगला मार्ग ठरतो. तो माणूस रात्री मुक्कामालाच आला तर उत्तमच.

गावच्या घरी न्यायचंच असेल तर अंगणात मोकळं सोडण्याचा मोह आवरायला हवा. ‘गावाकडची मांजरं बाहेरच असतात की!’ हे त्यांच्याबाबतीत खरं आहे, कारण तो मुलूख त्यांचाच आहे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला तो परका असतो. कुत्री असतात, फटाके असतात, आणि घाबरून पळालेल्या मांजराला परतीची वाट ठाऊक नसते. एक खोली, दार बंद, ट्रे, वाट्या, घरची न धुतलेली चादर आणि लपायला एखादा पुठ्ठ्याचा खोका. खोक्याचं महत्त्व गमतीचं नाही. 2014 साली नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला आणि काहींना दिला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकावाली मांजरं कितीतरी शांत होती. बाकीच्यांना त्या पातळीवर यायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागला. म्हणजे पाच दिवसांच्या मुक्कामात खोका नसेल तर मांजराचा जवळजवळ सगळा मुक्काम ताणातच जातो.

बोर्डिंगबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणते, पैसे मोजले म्हणजे निश्चिंत. दुसरी म्हणते, बोर्डिंग म्हणजे तुरुंगच. कधी कधी बोर्डिंगला पर्याय नसतो आणि चांगली जागाही मिळते. फक्त ती स्वतः जाऊन बघावी लागते. मांजरांची जागा कुत्र्यांच्या नजरेपासून आणि भुंकण्यापासून वेगळी आहे का? पिंजऱ्यात वर चढून बसायला फळी आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लसीकरणाचा कागद मागतात का? जिथे तो मागत नाहीत तिथून सरळ परत यावं. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा पार्व्होव्हायरस जमिनीवर, भांड्यांवर वर्षभरही तग धरतो, साध्या फिनाइलने हमखास मरत नाही, आणि लस न घेतलेल्या पिल्लांत बहुतेकांचा जीव घेतो. ‘आमचं मांजर घराबाहेर जात नाही, त्याला लस कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना बोर्डिंगच्या दारात उत्तर मिळतं, आणि त्या दिवशी टोचलेली लस त्याच दिवशी संरक्षण देत नाही. ती आधी काही आठवडे घ्यायची असते.

शेजारच्या काकूंवर मांजर सोपवताना प्रेमापोटी होणाऱ्या चुका वेगळ्या. दूध-पोळी हे मांजराचं अन्न, ही त्यातली पहिली. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. शिवाय मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडल्यास हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सिद्ध केलं, आणि त्यानंतर कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं गेलं. चार दिवसांच्या दूध-पोळीने हृदय बिघडणार नाही, पण बंद घरात जुलाब झालेलं मांजर म्हणजे काकूंनाही मनस्ताप.

दुसरी चूक मात्र प्राणघातक आहे. मांजर मलूल दिसलं, अंग गरम लागलं, म्हणून घरातली तापाची गोळी चुरून दिली जाते. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एका गोळीने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा सुजतो आणि मांजर मरू शकतं. फ्रिजच्या दारावर लावायच्या चिठ्ठीत ‘माणसाचं कोणतंही औषध द्यायचं नाही’ हे वाक्य सर्वांत वर, मोठ्या अक्षरात असावं. त्याखाली नेहमीच्या डॉक्टरांचा फोन, जवळच्या प्राण्यांच्या रुग्णालयाचा पत्ता (मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी बैलघोडा हॉस्पिटल, बहुतेकांना ठाऊक असतं), आणि उपचाराचा खर्च करायला तुमची परवानगी आहे, हे स्पष्टपणे लिहिलेलं. फोन लागला नाही म्हणून तासन् तास थांबून राहण्याची पाळी काकूंवर येऊ नये. सणात आलेल्या पुष्पगुच्छात लिलीची फुलं असतील तर तीही निघण्यापूर्वी घराबाहेर काढावीत. तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

सांभाळणारी बाई गरोदर असेल तर घरचे हमखास मोडता घालतात. टोक्सोप्लाझ्माची भीती निराधार नाही, पण विष्ठेतून बाहेर पडलेला हा परजीवी संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ होत असेल तर धोका खूप घटतो. तेवढं काम तिच्याऐवजी दुसऱ्याने केलं की प्रश्नच मिटतो.

खिडक्यांचं काय? ‘मांजर पडलं तरी पायांवरच पडतं’ या भरवशावर जाळ्या न लावलेल्या बाल्कन्या मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. 1987 साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांतली 90 टक्के वाचली, आणि तेव्हापासून हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. ती सगळी दवाखान्यात पोहोचलेली मांजरं होती आणि छातीला मार, तुटलेले पाय, फुटलेला जबडा घेऊन पोहोचलेली होती, हे सांगायचं राहून जातं. हवा यावी म्हणून खिडकी उघडणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवायला हवं.

तरीही मांजर निसटलंच, तर ‘भूक लागली की येईल’ म्हणून थांबू नये. हरवलेल्या मांजरांवरच्या 2018 सालच्या एका मोठ्या पाहणीत, सापडलेल्यांपैकी 75 टक्के मांजरं निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच होती. जिन्याखाली, गाड्यांखाली, मीटरच्या खोलीत, गच्चीच्या टाकीमागे माणसाने टॉर्च घेऊन वाकून शोधणं, तेही रात्रीच्या शांततेत, सर्वांत फळतं.

आणि काही जण निघताना मांजराला इमारतीच्या आवारात सोडून जातात, वॉचमन बघेल म्हणून. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्नपाणी न देणं किंवा उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, आणि ही रक्कम लाजिरवाणी आहे.

परतल्यावर मांजर दोन दिवस तोंड फिरवून बसलं, तर ‘रागावलंय’ म्हणून त्याच्या मागे लागायची गरज नसते. बॅगांना परका वास असतो, दिनक्रम पुन्हा बदललेला असतो. घरात दोन मांजरं असतील आणि एकच बोर्डिंगहून आलं असेल, तर राहिलेलं दुसऱ्यावर फिस्कारतं, कारण ओळखीचा वास गेलेला असतो. एक-दोन दिवस वेगळ्या खोल्या आणि चादरींची अदलाबदल यावर भागतं. मांजरांमधला हर्पीसचा विषाणू बऱ्याच जणांच्या अंगात सुप्त असतो आणि ताणानंतर साधारण आठवड्याने डोकं वर काढतो, त्यामुळे प्रवास किंवा बोर्डिंगनंतर दहा-पंधरा दिवस शिंका, डोळ्यांतून पाणी आणि कमी झालेलं खाणं यांवर लक्ष ठेवावं, आणि चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.