शेंगदाण्याची बिस्किटं घरी भाजून विकताय? आधी भट्टीची मजुरी धरा



मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. रंकाळ्याकडच्या एक वहिनी दुकानात आल्या. डब्यात शेंगदाणा आणि गूळ घातलेली बिस्किटं होती, घरच्या ओव्हनमध्ये भाजलेली. एक तोंडात टाकलं आणि खरं सांगतो, दुसरं मागून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "दादा, दोनशे ग्रॅमचं पाकीट ८० रुपयांना ठेवा. तुमचे वीस टक्के कापून घ्या. दिवाळीला अशी ४० किलोची ऑर्डर जमतीय, सगळी दुकानांतूनच."

मी विचारलं, "वहिनी, परवडतंय काय?"

"परवडतंय की! साहित्य सगळं धरलंय."

गप्प बसलो असतो तर माझे पाकिटामागे १६ रुपये सुटत होते. पण शिकवायचं एक आणि गल्ल्यावर बसून करायचं दुसरं, हे बरं दिसत नाही. वही काढली. त्या वहीत जे निघालं तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

आपण मजुरी धरायला का विसरतो?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या तोंडावर घरातून मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून आपण बेकरीत जायचो. नंबर लावायचा, भट्टीतून ट्रे बाहेर आला की वासानंच पोट भरायचं, आणि पत्र्याचा डबा भरून नानखटाई घरी यायची. बेकरीवाला किलोवर मजुरी घ्यायचा. साहित्य आपलं, पण भट्टी, जळण आणि हात त्याचे.

म्हणजे तेव्हा मजुरी वेगळी दिसत होती. खिशातून काढून द्यावी लागत होती. आता ओव्हन घरात आला, आणि मजुरी दिसायची बंद झाली. ती गेली कुठं? कुठंच नाही. ती आता तुम्ही स्वतःच्या अंगावर काढताय. घरगुती बेकिंगमधला सगळ्यात मोठा तोटा इथंच आहे.

आधी बिस्किट नीट करूया

एका घाण्याचं प्रमाण: मैदा ३०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम, साजूक तूप २०० ग्रॅम, गूळ पावडर १८० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडी मिरपूड.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाका. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, आणि ते बिस्किट भाजण्याच्या उष्णतेनं जात नाही. कूट करताना मिक्सरमध्ये त्यातलाच मूठभर मैदा टाका आणि थांबून थांबून फिरवा. एकसारखं फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो.

तूप थिजलेलं हवं. पातळ तूप घेतलं तर बिस्किटं ट्रेमध्ये पसरतात. तूप आणि गूळ पावडर पाच-सात मिनिटं फेटून हलकं करा, मग पीठ आणि कूट मिसळा. गोळा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. २० ग्रॅमची एक, अशी वजन करून बिस्किटं वळा. अंदाजानं वळू नका, कारण एक मोठं आणि एक लहान झालं की एक कच्चं राहतं आणि एक करपतं. ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून घ्या आणि २० ते २२ मिनिटं भाजा. साखर घातली तर १७० चालतं, पण गूळ लवकर रंग धरतो. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नका. गार झाली की खुसखुशीत होतात.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या एका दिवाळीत रात्री उशीर झाला म्हणून कोमट बिस्किटंच पाकिटात भरली. सकाळी बघतो तर आतून वाफ धरलेली, बिस्किटं सादळलेली. १२ किलो माल गेला. तेव्हापासून नियम एकच: ट्रेवरून जाळीवर, जाळीवरून पाकिटात, आणि मध्ये पूर्ण गार. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून आपल्या पावसाळ्यात तर हवाबंद पाकीट पाहिजेच. आणि कूट त्याच दिवशी करायचं. कुटलेल्या दाण्याला हवा जास्त लागते, त्यामुळं ते लवकर खवट होतं.

आता वही उघडा

खालचे भाव उदाहरणादाखल आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून परत मांडा.

- मैदा: १२ रुपये
- बेसन: ५ रुपये
- शेंगदाणे, निवडण-सोलण्यातली घट धरून १७० ग्रॅम: २४ रुपये
- साजूक तूप: १३० रुपये
- गूळ पावडर: १५ रुपये
- वेलची, मिरी, बेकिंग पावडर, मीठ: १२ रुपये

साहित्य झालं १९८ रुपये. वीज १२ रुपये. चार पाकिटं आणि लेबलं मिळून ४० रुपये. एकूण २५० रुपये.

कच्चं वजन ८८० ग्रॅम असलं तरी भाजल्यावर ते ८३० च्या आसपास येतं. तुटकी बाजूला काढली की विकायला उरतात ८०० ग्रॅम, म्हणजे दोनशेची चार पाकिटं. एका पाकिटाला ६२ रुपये ५० पैसे पडले, आणि यात वहिनींची मजुरी अजून धरलेलीच नाही.

८० रुपयांतून दुकानाचे १६ गेले, हातात आले ६४. शिल्लक दीड रुपया. एका घाण्याला दीड तास लागतो आणि चार पाकिटं होतात. म्हणजे दीड तास राबून सहा रुपये! ४० किलोच्या ऑर्डरला ५० घाणे, ७५ तास काम आणि सुटणार ३०० रुपये.

वहिनी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मागच्या वर्षी मी फुकटच भाजली की!"

आता तासाला ८० रुपये मजुरी धरा. घाण्याला १२० रुपये वाढले. ३७० भागिले चार, म्हणजे पाकीट ९२ रुपये ५० पैशांना पडतं. दुकानातून १४० ला विकलं तर दुकानाचे २८ जाऊन ११२ हातात येतात. मजुरी सुटून वर १९ रुपये ५० पैसे नफा. हा झाला धंदा.

मजुरी कमी करायची असेल तर दोन घाण्यांचं पीठ एकदम मळा. दोन घाण्यांना तीन तासांऐवजी दोन तास लागले तर पाकिटामागे १० रुपये वाचतात. तुपात काटकसर करण्यापेक्षा हे बरं, कारण तूप बदललं की चव बदलते.

"पण १४० ला कोण घेणार?"

हा प्रश्न येणारच. कंपनीच्या बिस्किटाशी भावात भांडायला गेलात तर हराल. तुमचं बिस्किट वेगळं का, ते सांगता आलं पाहिजे.

युरोपात क्रोएशिया देश आहे. त्याची राजधानी झाग्रेब. तिथं पाप्रेन्याक नावाचं जुनं बिस्किट मिळतं. त्यात मध, अक्रोड आणि चक्क काळी मिरी असते. कोरीव लाकडी साच्यात दाबून त्यावर नक्षी उठवतात. झाग्रेबला जाणारा माणूस गावाची आठवण म्हणून ते विकत घेतो. त्यांच्याकडं मध आणि अक्रोड, आपल्याकडं गूळ आणि शेंगदाणा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मात्र पाकिटावर 'कोल्हापुरी गूळ' लिहायचं तर गूळ खरंच इथला पाहिजे, आणि खरेदीचं बिल जपून ठेवा.

अक्रोड घालून करू का, असंही विचारतात. करा की! पण अक्रोडाचा गर किलोला हजार धरला तर १५० ग्रॅमचे १५० रुपये होतात. शेंगदाण्याच्या २४ च्या जागी ते घातले की पाकीट साडेएकतीस रुपयांनी महागतं. तो भाव देणारं गिऱ्हाईक आधी शोधा, मग अक्रोड आणा.

कागदपत्रं टाळू नका

वर्षाची उलाढाल ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन. लेबलवर नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, किंमत, पत्ता, संपर्क, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह हवं. आणि 'यात शेंगदाणा, गहू आणि दुग्धजन्य पदार्थ आहेत' हे ठळक लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकते.

वहिनींचं पुढं काय झालं?

भाव वाढवल्यावर दुकानांतली ऑर्डर गळाली, हे लपवत नाही. मग त्यांनी ओळखीच्या घरांत थेट विकायला घेतलं, पाकीट १३० ला. ४० किलोच्या जागी १८ किलोच गेलं. म्हणजे ९० पाकिटं. पाकिटामागे साहित्य, वीज, पॅकिंगचे ६२.५० वजा करून ६७.५० उरले. एकूण ६,०७५ रुपये, आणि काम साधारण ३४ तास.

निम्म्याहून कमी माल, निम्म्याहून कमी राबणं, आणि ३०० च्या जागी सहा हजार.

आज एवढंच करा. तुमच्या एका घाण्याला घड्याळ लावा आणि लागलेली मिनिटं वहीत लिहा. पूर्वी बेकरीवाल्याला मजुरी देताना आपण कधी कुरकुरलो नाही, मग स्वतःला देताना का लाजायचं?

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर बिस्किट भाजा, पण वही जवळ ठेवून!