प्रकाशन-चक्र आणि आवृत्ती-नियंत्रण : फायरफॉक्सच्या मराठी भाषांतराच्या संदर्भात

अभ्यासक्रमाचा मसुदा चार प्राध्यापकांकडून फिरून येतो, तेव्हा संगणकावर 'अंतिम', 'अंतिम सुधारित' आणि 'अंतिम सुधारित २' अशा तीन फाइली जमा झालेल्या असतात. कोणता बदल कोणी, केव्हा व का केला, हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये परस्परांना कधीही न भेटलेल्या शेकडो व्यक्ती एकाच संहितेवर काम करीत असल्याने ही नोंद ठेवणारी स्वतंत्र व्यवस्था तेथे अनिवार्य ठरते. तिलाच आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. ही प्रणाली बदलली की केवळ आज्ञा बदलत नाहीत. सहभागाच्या अटीही बदलतात. ज्या भाषेचे स्वयंसेवक मोजकेच आहेत, तिला हा बदल अधिक जाणवतो.

मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरची संहिता प्रारंभी सीव्हीएस या प्रणालीत होती. संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर राही. बदल नोंदवायचा अथवा जुनी आवृत्ती पाहायची, तर त्या सर्व्हरशी जोडलेले असणे आवश्यक होते.

एप्रिल २००५ मध्ये या क्षेत्राला कलाटणी मिळाली. लिनक्स कर्नलचे काम २००२ पासून बिटकीपर या व्यापारी प्रणालीवर चालत होते. तिच्या मोफत वापराची सवलत मागे घेण्यात आली. परिणामी लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट, तर मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल निर्माण केले. दोहोंत प्रत्येकाच्या संगणकावर इतिहासासह पूर्ण प्रत असते. मोझिलाने मर्क्युरिअल निवडले. जून २००८ मधील फायरफॉक्स ३.० सीव्हीएसमधून, तर जून २००९ मधील ३.५ मर्क्युरिअलमधून तयार झाले. प्रत्येक भाषेला स्वतंत्र भांडार मिळाले. मराठीचे 'एमआर' या संकेताने.

म्हसवडसारख्या माण तालुक्यातील गावाचा विचार केल्यास या रचनेचे महत्त्व ध्यानी येते. त्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन असे. जोडणी तुटलेली असतानाही बदल नोंदवावेत, मागील शब्दयोजना ताडून पाहावी आणि जोडणी आल्यावर सर्व एकत्र पाठवावे, हे वितरित प्रणालीमुळे शक्य झाले. अडचण सवयीची होती. सीव्हीएसमध्ये 'कमिट' म्हणजे बदल सर्वांपर्यंत पोहोचणे. मर्क्युरिअलमध्ये तो 'पुश' करेपर्यंत स्वतःच्याच संगणकावर राहतो. जुन्या समजुतीने काम करणाऱ्याचे भाषांतर पूर्ण होऊनही पोहोचत नाही.

प्रकाशन-चक्रातील बदल मात्र याहून कठीण होता. पूर्वी दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये अनेक महिन्यांचे, कधी वर्षभराहून अधिक अंतर असे. मार्च २०११ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि जूनमध्येच पाचवी. पुढे दर सहा आठवड्यांनी नवी. इंग्रजी वाक्ये 'ऑरोरा' या टप्प्यावर स्थिर होत, व तेवढ्याच सहा आठवड्यांत भाषांतर, तपासणी आणि संमतीची नोंद उरकावी लागे. जे राहून जाई, तेथे इंग्रजी मजकूर दिसे. निम्मा मराठी, निम्मा इंग्रजी असा मेनू पाहणारा वाचक दोष वेळापत्रकाला देत नाही. तो मराठीलाच अपुरी समजतो. परीक्षांच्या दिवसांत वेळ न देऊ शकणाऱ्या स्वयंसेवकाचा विचार या वेळापत्रकात कोठेच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

यावर तोडगा टप्प्याटप्प्याने निघाला. २०१७ मध्ये सर्व टप्प्यांतील वाक्ये एकाच भांडारात आणली गेल्याने तेच भाषांतर पुन्हा पुन्हा हलविण्याची गरज संपली. 'पोंटून' या संकेतस्थळावर भाषांतर लिहिले की ते भांडारात आपोआप नोंदले जाते. आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. त्यामुळे २०२० मध्ये चक्र चार आठवड्यांवर आले आणि मे २०२५ मध्ये मूळ संहिता गिटवर गेली, तरी केवळ पोंटूनवर लिहिणाऱ्याच्या दैनंदिन कामात फारसा फरक पडला नाही.

एक टप्पा तेवढा माणसाच्या हाती राहिला. पोंटूनवर नवागताचे भाषांतर 'सूचना' म्हणून नोंदले जाते आणि अधिकार असलेल्या सदस्याने मान्य केल्यावरच ते ब्राउझरमध्ये उतरते. 'फाइल' ठेवावे की 'धारिका', 'जतन करा' की 'साठवा', हे ठरविण्यास मराठीचा एकही जाणकार वेळेवर उपलब्ध नसेल, तर ती सूचना तशीच राहते आणि चार आठवड्यांनी पुढील आवृत्ती बाहेर पडते.