कंटेनर साठवणखंड (व्हॉल्यूम)
कंटेनर नष्ट झाल्यावरही त्यातील आज्ञावलीने निर्माण केलेली माहिती टिकून राहावी, म्हणून कंटेनरच्या बाहेर राखलेली साठवणजागा. कंटेनर म्हणजे एखादी आज्ञावली व तिला लागणाऱ्या फाईली एकत्र बांधून इतर प्रक्रियांपासून अलग चालविण्याची व्यवस्था होय. डॉकर ही या प्रकारची प्रणाली २०१३ मध्ये प्रसृत झाली. मोठ्या उपयोजनात वेब सर्व्हर, डेटाबेस इ. घटकांसाठी स्वतंत्र कंटेनर असतात व त्या सर्वांचा विन्यास डॉकर कंपोज या साधनाच्या एकाच फाईलीत लिहितात. साठवणखंडांसंबंधीचे बहुतेक दोष या फाईलीत उद्‌भवतात.

स्वरूप : कंटेनर ज्या प्रतिमेवरून (इमेजवरून) तयार होतो, तिचे थर केवळ वाचनीय असतात. त्यांवर एक लेखनक्षम थर असतो. कंटेनर काढून टाकला की तो थरही जातो. टिकाऊ माहितीसाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात डॉकर स्वतः सांभाळते असा नामांकित खंड वापरतात. लिनक्स प्रणालीत तो सामान्यतः ‘/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स’ या फोल्डरात असतो. दुसऱ्यात यजमान संगणकावरील एखादे फोल्डर कंटेनरमधील मार्गाशी थेट जोडतात (बाइंड माउंट). नामांकित खंड रिकामा असल्यास प्रतिमेतील त्या जागेच्या फाईली प्रथम त्यात उतरतात. थेट जोडणीत मात्र त्या फाईली झाकल्या जातात. जोडणीनंतर आज्ञावलीच्या फाईली ‘नाहीशा’ होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

दोषांचे प्रकार : (१) नामांकित खंड सेवेत वापरला, पण फाईलीच्या वरच्या पातळीवरील खंडांच्या यादीत घोषित केला नाही, तर कंपोज काम नाकारते. हा दोष लगेच दिसतो, म्हणून निरुपद्रवी. (२) संक्षिप्त लेखनपद्धतीत बिंदू वा तिरकी रेघ यांनी सुरू होणारा शब्द मार्ग मानला जातो, साधा शब्द खंडाचे नाव. बिंदू व रेघ गाळल्यास आणि त्या नावाचा खंड घोषित असल्यास अपेक्षित फोल्डराऐवजी तो खंड जोडला जातो. (३) याच पद्धतीत यजमानावरील फाईल अस्तित्वात नसेल, तर त्या नावाचे फोल्डर तयार होते. विस्तृत पद्धतीत असे फोल्डर तयार होऊ न देता चूक कळविण्याची सोय असते. (४) खंडाच्या नावाआधी प्रकल्पाचे नाव लागते व ते सहसा फोल्डराच्या नावावरून ठरते. फोल्डराचे नाव बदलल्यास नवे खंड निर्माण होतात व जुनी माहिती गेल्याचा भास होतो. प्रकल्पाचे वा खंडाचे नाव फाईलीत स्पष्ट लिहिल्याने हे टळते. (५) कंटेनरमधील प्रक्रियेचा वापरकर्ता-क्रमांक व यजमानावरील फोल्डराचा मालक जुळत नसल्यास लेखनास परवानगी मिळत नाही. सर्वांना सर्व अधिकार देणे हा उपाय नव्हे. योग्य क्रमांकास मालकी द्यावी.

सर्वांत घातक दोष न बोलणारा असतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत प्रतिमेत आवृत्ती १७ पर्यंत माहिती ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल/डेटा’ येथे साठते. खंड त्याच्या वरच्या फोल्डराला जोडल्यास ‘डेटा’ या जागेसाठी डॉकर एक निनावी खंड निर्माण करते व माहिती त्यात जाते. सर्व काही सुरळीत चालते. पण कंटेनर काढून पुन्हा उभारला की नवा निनावी खंड जोडला जातो व डेटाबेस रिकामा दिसतो. आवृत्ती १८ मध्ये ही मांडणी बदलली असून तेथे वरचे फोल्डरच जोडणे अपेक्षित आहे. म्हणून जुनी विन्यास फाईल नव्या आवृत्तीस तशीच लावू नये.

निदान व दुरुस्ती : माहिती दिसेनाशी होणे व ती नष्ट होणे यांत फरक आहे. वरील उदाहरणातील जुना खंड बहुधा शाबूत, पण कोणत्याही कंटेनरला न जोडलेला असतो. अशा वेळी जागा मोकळी करणारी ‘प्रून’ आज्ञा दिल्यास नेमका तोच खंड पुसला जातो. कारण डॉकर इंजिनच्या २३.० या आवृत्तीपासून (२०२३) ही आज्ञा मुळात निनावी खंडांसाठीच आहे. कंपोजची ‘डाउन’ आज्ञा एरवी खंड राखते, परंतु तिला खंड काढण्याचा विकल्प जोडल्यास घोषित खंडही जातात. डेटाबेसचा परवलीचा शब्द फाईलीत बदलूनही लागू होत नाही, तेव्हा पुष्कळदा हाच विकल्प वापरला जातो. वस्तुतः तो शब्द खंड रिकामा असताना एकदाच वाचला जातो. नंतर तो डेटाबेसमध्येच बदलावा लागतो.

यास्तव प्रथम सेवा थांबवावी, काहीही पुसू नये. ‘कन्फिग’ आज्ञेने विन्यासाचे अंतिम रूप पाहावे, ‘इन्स्पेक्ट’ आज्ञेने प्रत्यक्ष जोडण्या तपासाव्यात, खंडांची यादी घेऊन संशयित खंड केवळ वाचनीय स्वरूपात तात्पुरत्या कंटेनरला जोडून त्यातील फाईली पाहाव्यात. माहिती सापडल्यावर तिची प्रत काढून मगच विन्यास सुधारावा. साठवणखंड म्हणजे राखीव प्रत नव्हे; डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने नियमित प्रत घेणे व ती दुसऱ्या जागी उतरवून पडताळणे आवश्यक असते.